तळव्यावरचा कॅन्सर काढल्यावर पाय पुन्हा बांधताना: निदानापासून चपलेपर्यंत

तळव्यावर काळा डाग दिसला की आपल्याकडे कोकणात पहिलं निदान घरातच होतं. "काटो मोडलो असात." मग सुईने कोरून बघतात, हळदीचा लेप लावतात, कुणीतरी बिब्ब्याचा चटका सुचवतं. बहुतेक वेळा तो खरंच काटा, कुरूप किंवा भोवरी असते, म्हणूनच उरलेल्या वेळी फसायला होतं. शेतात, खळ्यात, वाळूत अनवाणी वावरणाऱ्या माणसाचा तळवा कुणी निरखून बघतही नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. रुग्ण माझ्याकडे येतो तेव्हा कॅन्सर काढून झालेला असतो, जखम झाकून झालेली असते आणि आता उभं कसं राहायचं एवढाच प्रश्न उरलेला असतो. या टोकाकडून मागे वळून पाहिलं की ऑपरेशनआधी काय विचारायला हवं होतं ते स्वच्छ दिसतं. खालचं सगळं त्याच नजरेने लिहिलंय. डॉक्टरांच्या सल्ल्याला हा पर्याय नाही. त्यांच्यासमोर बसाल तेव्हा हाताशी असावं, एवढ्यासाठी आहे.

तुकडा तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही

पायावर प्रामुख्याने दोन कॅन्सर भेटतात. एक मेलेनोमा, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. सावळ्या-काळ्या वर्णाच्या लोकांत तो उन्हाने रापणाऱ्या चेहऱ्यापेक्षा तळवा, तळहात आणि नखाखाली जास्त आढळतो. या जागांवरच्या मेलेनोमाचा उन्हाशी संबंध नसतो. कडा वेडीवाकडी, रंग एकसारखा नाही, डाग महिन्यांगणिक पसरतोय, मध्येच रक्त येतंय, ही त्याची लक्षणं. नखात उभी काळी रेघ असेल आणि तो काळेपणा नखाबाहेरच्या कातडीवर उतरला असेल तर थांबू नका. बॉब मार्ली हा जगप्रसिद्ध गायक पायाच्या बोटाच्या नखाखालच्या मेलेनोमाने १९८१ साली वयाच्या ३६व्या वर्षी गेला. १९७७ मध्ये निदान झालं, तेव्हा त्याने बोट काढू दिलं नव्हतं. नखाची गादी काढून तिथे मांडीची त्वचा लावली होती. कधीकधी हा मेलेनोमा काळा नसतोच, गुलाबी मांसासारखा असतो, आणि मग तो 'न भरणारी जखम' म्हणून वर्षभर पट्ट्या खात राहतो.

दुसरा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींचा. तो जुन्या घरात बिऱ्हाड करतो: लहानपणी भाजल्याचा व्रण, कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायावरची वर्षानुवर्षांची जखम, सतत पू वाहणारं हाड. अशा जुन्या जखमेची कड अचानक फुलकोबीसारखी वर आली, वास बदलला, रक्त येऊ लागलं, तर तिचा तुकडा तपासायला गेलाच पाहिजे.

तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो ही भीती गावोगावी आहे. तिला आधार नाही. पसरतो तो उशिराने. मात्र तुकडा वरवर खरवडून घेतलेला चालत नाही, त्वचेच्या पूर्ण जाडीचा लागतो; कारण मेलेनोमात पुढचं सगळं गणित तो किती खोल गेलाय, त्या मिलिमीटरवर चालतं. आणि कुणी कुरूप समजून ते कापलं असेल, तर काढलेला भाग कचऱ्यात न टाकता पॅथॉलॉजीला पाठवायला सांगा. रिपोर्टबरोबर काचेच्या स्लाइड आणि तुकडा ज्यात जपून ठेवतात तो मेणाचा ब्लॉकही मागून घ्या. मोठ्या रुग्णालयात ते पुन्हा तपासतात, आणि नुसता कागद घेऊन गेलेल्याला परत गावी पिटाळलं जातं.

भोक अपेक्षेपेक्षा मोठं असतं

कॅन्सर काढताना त्याच्याभोवतीची निरोगी दिसणारी त्वचाही काढतात. मेलेनोमाची खोली १ मिलिमीटरपर्यंत असेल तर चहूबाजूंनी १ सेंटिमीटर, १ ते २ मिलिमीटर असेल तर १ ते २ सेंटिमीटर, त्याहून खोल असेल तर २ सेंटिमीटर. त्वचेच्या वरच्या थरातच असेल तर अर्धा ते एक सेंटिमीटर. स्क्वॅमसमध्ये कमी धोक्याच्या गाठीला ४ ते ६ मिलिमीटर पुरतात, धोकादायक गाठीला त्याहून जास्त लागतात.

हिशोब करून बघा. डाग दीड सेंटिमीटरचा, भोवती दोन्हीकडे दोन-दोन, म्हणजे साडेपाच सेंटिमीटरचं भोक, आमटीच्या वाटीच्या तोंडाएवढं. नातेवाईक पहिल्या ड्रेसिंगला ते बघतात आणि हादरतात. आधीच सांगितलेलं असलं की निदान ओरड होत नाही.

एक गोष्ट मात्र याच टप्प्यावर विचारायची, नंतर नाही: जांघेतल्या गाठीची तपासणी. पायाची लसिका (लिम्फ, शरीरातलं पाझरणारं पाणी) जांघेत जाते, क्वचित गुडघ्यामागे. मेलेनोमा ०.८ मिलिमीटरहून खोल असेल किंवा त्याच्यावर व्रण पडला असेल, तर निळा रंग आणि किरणोत्सारी द्रव्य टोचून पहिली गाठ कुठली ते शोधतात आणि ती काढून तपासतात. हिला सेंटिनल नोड बायोप्सी म्हणतात. ती मोठ्या कापणीबरोबरच व्हायला हवी. तळव्यावर एकदा फ्लॅप (आपल्या रक्तपुरवठ्यासकट उचललेली त्वचा) फिरवला की लसिकेच्या वाटा बदलतात, मग तपासणीचा भरवसा राहत नाही.

कड स्वच्छ आहे का, हे कळेपर्यंत धीर

इथे घरच्यांची घाई आड येते. "उघडी कशाला ठेवलीय जखम, शिवून टाका ना." पण कापलेल्या भागाच्या कडेला कॅन्सर शिल्लक नाही हा रिपोर्ट यायला काही दिवस लागतात. तो येण्याआधी शेजारची त्वचा फिरवून जखम झाकली आणि मग कड खराब निघाली, तर कॅन्सर नेमका कुठे राहिला तेच सापडत नाही, आणि वापरलेली चांगली त्वचाही वाया जाते. म्हणून शंका असेल तिथे सर्जन जखमेवर तात्पुरतं आवरण घालून थांबतात. कड स्वच्छ असल्याचं कळलं की कधी व्हॅक्यूमचं यंत्र लावतात. जखमेत स्पंज, वर प्लॅस्टिक, आणि नळीतून सतत खेच. स्पंज दोन-तीन दिवसांनी बदलतात. यंत्र घरघरतं, रात्री झोप मोडते, पण जखमेत लाल मांस झपाट्याने भरतं.

पुढे रेडिएशन लागण्याची शक्यता असेल तर तेही आत्ताच सर्जनच्या कानावर हवं. पातळ कलम (दुसरीकडून सोलून लावलेली, स्वतःची रक्तवाहिनी नसलेली त्वचा) रेडिएशन नीट सोसत नाही, तिथे जाड फ्लॅप बरा.

झाकायचं कशाने: पायाची जागा ठरवते

या भागावर मी जरा जास्त रेंगाळणार आहे.

तळव्याची त्वचा शरीरात दुसरीकडे कुठे नाही; तळहात थोडाफार जवळ जातो इतकंच. जाड कातडी, तिच्याखाली चरबी, आणि ती चरबी तंतूंच्या छोट्या छोट्या कप्प्यांत घट्ट बांधलेली. त्यामुळे तुम्ही वळता तेव्हा टाचेची कातडी हाडावरून घसरत नाही. मांडीची त्वचा तिथे लावली तर भोक बुजतं, पण ते कप्पे येत नाहीत. उभं राहिल्यावरचा भार आणि चालतानाचं घासणं, या दोन्हींना नवी त्वचा तोंड देणार आहे का, हा खरा प्रश्न.

टाच. माझ्या मते इथे पहिला विचार तळव्याच्या कमानीतल्या त्वचेचा व्हावा. कमान जमिनीला टेकत नाही. म्हणून तिथली त्वचा-चरबी तिच्या रक्तवाहिनीसकट आणि संवेदनेच्या फांद्यांसकट उचलून टाचेवर फिरवतात. याला मीडियल प्लांटर फ्लॅप म्हणतात. तळव्याच्या जागी तळवाच येतो आणि त्याला स्पर्श कळतो. कमानीच्या रिकाम्या जागेवर मांडीचं पातळ कलम लावतात, भार नसल्याने ते तिथे सुखाने राहतं. मर्यादा दोन: भोक फार मोठं असेल तर ही त्वचा पुरत नाही, आणि आतल्या घोट्यामागची धमनी चांगली वाहत नसेल तर हा फ्लॅप करता येत नाही. मधुमेह, विडी किंवा वय असेल तर डॉप्लर (रक्त किती वाहतंय ते बघणारी तपासणी) आधी.

टाचेची मागची बाजू, घोट्याभोवतालची जागा. इथे पोटरीच्या मागची त्वचा देठासकट उलटी खाली आणतात, रिव्हर्स सुरल फ्लॅप. यात मायक्रोस्कोप लागत नाही, त्यामुळे तो लहान केंद्रांतही होतो. पण पहिले काही दिवस रक्त आत येतं आणि बाहेर पडायला अडतं, फ्लॅप निळसर फुगतो; देठाची वळकटी कधी कधी साधारण तीन आठवड्यांनी दुसऱ्या छोट्या ऑपरेशनमध्ये कापावी लागते. पायाची बाहेरची कड बधिर होते, हे आधी सांगितलं जात नाही आणि मग रुग्ण घाबरतो.

मोठं भोक, उघडं हाड. मग फ्री फ्लॅप. मांडीच्या बाहेरच्या बाजूची त्वचा किंवा एखादा स्नायू पूर्ण सोडवून पायावर आणतात आणि केसाहून बारीक धाग्याने त्याच्या रक्तवाहिन्या पायाच्या वाहिन्यांना मायक्रोस्कोपखाली जोडतात. कित्येक तास चालणारं ऑपरेशन. पाय वाचतो, पण त्वचा-चरबीचा फ्लॅप गुबगुबीत आणि सैल असतो, चपलेत मावत नाही, पाऊल टाकलं की थोडा सरकतो. काही महिन्यांनी तो पातळ करायला पुन्हा टेबलावर जावं लागतं. स्नायूवर पातळ कलम घातलेला फ्लॅप काळाने सुकून बसतो आणि त्याचा आकार बरा राहतो.

चवडा. बोटांच्या मुळाशी भार येतो आणि जागा आखूड. एखादं बोट द्यावंच लागणार असेल तर त्यातलं हाड काढून त्याचीच कातडी भोकावर पसरता येते. नखाखालच्या मेलेनोमात बोटाचा भाग काढून कडेच्या त्वचेनेच टाके घालतात, तिथे पुनर्रचना अशी फारशी नसते. करंगळी गेल्याने चालीत फारसं बिघडत नाही. अंगठा गेला की पाऊल पुढे ढकलण्याची ताकद कमी होते आणि बुटात भरणी लागते.

पावलाची वरची बाजू आणि कमान: मांडीचं पातळ कलम, बस. फक्त स्नायूची दोरी (टेंडन) किंवा हाड उघडं नको, त्यावर कलम धरत नाही. कमानीतली छोटी जखम तर नुसत्या ड्रेसिंगवरही भरते, वेळ लागतो.

आता नावडतं मत. टाचेवर साधं कलम टिकतच नाही असं ठणकावून सांगणारे भेटतील. मी पाहिलेल्यांत ज्यांनी मऊ चप्पल घरातसुद्धा सोडली नाही, त्यांचं टिकलं; कडेला घट्टे पडतात, ते वेळेवर तासून घ्यावे लागतात. सत्तरीच्या आजींना रांधणं, देवपूजा आणि पडवीपर्यंत जाणं एवढंच चालणं असेल, तर लांबलचक ऑपरेशनपेक्षा कलम शहाणपणाचं ठरू शकतं. किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढणाऱ्या चाळिशीतल्या माणसाचा हिशोब वेगळा. म्हणून सर्जनला तुमचा दिवस सांगा: किती उभं राहता, अनवाणी किती, चढ किती, डोक्यावर ओझं असतं का. "काय करायचं ते करा डॉक्टर" म्हणू नका.

जायचं कुठे, पैसे कुठून

रत्नागिरी-चिपळूणकडचे डेरवणला वालावलकर रुग्णालयात जातात, सिंधुदुर्गातले बरेच जण बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात, रायगडचे खारघरला टाटाच्याच केंद्रात, आणि परळचं टाटा मेमोरियल तर १९४१पासून आहेच. कुठेही गेलात तरी विचारा: कॅन्सर काढणारा सर्जन आणि प्लास्टिक सर्जन एकाच छताखाली आहेत का? नसतील तर दोघांचं एकमेकांशी बोलणं झालंय का?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) भेटा, आणि कॅन्सर काढण्याबरोबर फ्लॅपचीही पूर्वमंजुरी मागितलीय ना, हे भरती होण्याआधी पक्कं करा. हेल्पलाइन १५५३८८. रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टियर एसीत पूर्ण सवलत आहे, सोबत्याला ७५ टक्के. रुग्णालयाचा सही-शिक्क्याचा फॉर्म लागतो. परतीला कोकणकन्या किंवा तुतारीचा खालचा बर्थ मिळवा. गाडीने यायचं तर मागच्या सीटवर पाय आडवा, उशीवर. मुंबई-गोवा महामार्गाच्या खड्ड्यांबद्दल मी नव्याने काही लिहायची गरज नाही. परळमध्ये राहायची सोय नाना पालकर स्मृती समितीत आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत बघता येते; रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाकडून चिठ्ठी घ्या.

आणि "गणपती झाल्यावर बघू", "लावणी उरकू दे" हे नको.

ऑपरेशनआधीचे आठवडे

तंबाखू बंद. विडी-सिगारेट पुरुषांची बंद होते, पण घरातल्या बाईला कुणी विचारत नाही. "काकी, मिश्री लावता का?" असं सरळ विचारलं की मान खाली जाते. मिश्रीतलं निकोटिनही रक्तवाहिन्या आवळतं आणि फ्लॅप त्यानेच काळा पडू शकतो. किमान चार आठवडे आधी बंद, नंतरही बंद. साखर ताब्यात आणा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची यादी द्या, स्वतःच्या मनाने थांबवू नका.

वॉकर किंवा कुबड्या आधीच आणा आणि दोन्ही पाय धड असतानाच एका पायावर चालायचा सराव करा. ऑपरेशननंतर वेदनेत ते शिकणं जिवावर येतं. घरात जमिनीवरचं अंथरूण काढून खाट लावा. शौचालय भारतीय असेल तर कमोडची खुर्ची. पावसाळ्यात जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, तेवढं घासून ठेवा. एका पायाने उतरताना त्यावर घसरलेली माणसं मी पाहिलीत.

पहिला आठवडा

फ्लॅपवर पहिले दोन दिवस तासातासाने लक्ष असतं. रात्री दोन वाजता सिस्टर टॉर्च घेऊन येते, बोटाने फ्लॅप दाबते, सोडते, रंग परत कधी येतो ते बघते. पांढुरका, थंड, रंग परत येत नाही: रक्त आत येत नाहीये. निळा-जांभळा, फुगलेला, रंग झटकन परत येतो: रक्त बाहेर पडत नाहीये. सावळ्या त्वचेवर रंग फसवतो, म्हणून ज्या मांडीवरून तुकडा घेतला तिच्याशी तुलना करा आणि हाताच्या मागच्या बाजूने ऊब बघा. बदल वाटला तर राउंडची वाट न बघता सिस्टरला उठवा. काही तासांत परत थिएटरात नेलं तर फ्लॅप वाचवता येतो.

पाय हृदयापेक्षा वर. पाय खाली सोडण्याची परवानगी मिळाली की सुरुवातीला पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, मग हळूहळू वेळ वाढवत. खाली सोडल्यावर फ्लॅप गडद होणारच, वर घेतल्यावर काही मिनिटांत मूळ रंग आला पाहिजे. कलमाचं ड्रेसिंग साधारण पाचव्या दिवशी उघडतात, तोवर त्याला हलवायचं नाही.

सगळ्यात जास्त दुखते ती मांडी, जिथून कातडी घेतली. तिथलं चिकटलेलं ड्रेसिंग ओढू नका, दहा-चौदा दिवसांत सुकून सुटतं. मग खाज सुटते. खोबरेल तेल हलक्या हाताने.

जेवणाबद्दल घरोघरी पथ्यं असतात: मासे खाल्ले तर जखम पिकते, अंडं उष्ण. नवी त्वचा प्रथिनांतूनच बनते. बांगडा, तारली, अंडी, कुळथाची पिठी, डाळ, जे चालतं ते रोज द्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून.

उभं राहणं

तळव्यावर कलम किंवा फ्लॅप असेल तर साधारण तीन ते सहा आठवडे त्या पायावर भार नाही. नेमका आकडा तुमचा सर्जन देईल, माझ्यासारखा फिजिओ किंवा शेजारी नाही. या काळात पाऊल स्प्लिंटमध्ये काटकोनात राहायला हवं, नाहीतर टाच वर आखडते आणि नंतर ती जमिनीला टेकत नाही. गुडघा आणि कंबरेचे व्यायाम पहिल्या दिवसापासून. पोटरी एकदम सुजली, दुखू लागली किंवा दम लागला तर तातडीने दवाखाना गाठा; शिरेत गुठळी झालेली असू शकते.

परवानगी मिळाल्यावर पहिल्या दिवशी मऊ चपलेत अर्धा तास. मग चप्पल काढून तळवा बघा. लाली आली असेल आणि वीस-तीस मिनिटांत गेली नाही, तर दुसऱ्या दिवशी वेळ वाढवायचा नाही, कमी करायचा. ठीक असेल तर रोज थोडा वाढवा. एका लग्नासाठी दिवसभर उभं राहून महिन्याची कमाई घालवू नका.

चप्पल, कातळ, चिखल

एमसीआर (मऊ, स्पंजासारख्या) रबराची चप्पल घ्या, मागे पट्टा असलेली. अंगठ्याची चप्पल नको; ती धरून ठेवायला बोटं आवळावी लागतात आणि पाय आत घासतो. फ्लॅप जाड असेल तर दोन्ही पायांची मापं वेगळी येतील. चप्पल घालण्याआधी आत हात फिरवून बघायचा. खडा, काजूची साल, सुटलेला खिळा, यातलं बधिर तळव्याला काहीच कळत नाही. रात्री झोपताना तळव्याखाली आरसा धरून सगळा भाग बघायचा, नजर कमी असेल तर घरच्याने.

एप्रिल-मेचा कातळ अनवाणी पायाला भाजतोच. बधिर फ्लॅपला भाजल्याचं कळतही नाही, फोड दिसतो. देवळात जाताना मोजे घाला. लावणीच्या चिखलात गमबूट आणि भरलेली त्वचा, दोन्ही असल्याशिवाय उतरू नका. आपल्याकडे पावसात लेप्टोचा (उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाचा) धोका असतो, जखमेतून तो आत शिरतो. प्रतिबंधक गोळीबद्दल आरोग्य केंद्रात विचारा. उघडी जखम घेऊन समुद्रात किंवा खाडीत पाय घालायचा नाही, मधुमेह किंवा यकृताचा आजार असेल तर अजिबातच नाही, त्या पाण्यातले जंतू काही तासांत पाय सडवू शकतात. कालवं काढायला जाणाऱ्या बायकांनी जाड तळाचे बूट घ्यावेत.

तपासण्या

पहिली दोन वर्षं साधारण दर तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी. घरी महिन्यातून एकदा, आंघोळीनंतर, टाचेपासून जांघेपर्यंत हात फिरवा. मेलेनोमा परततो तेव्हा कधी जुन्या टाक्यांशी, कधी पोटरीवर किंवा मांडीवर काळ्या-निळसर दाण्यांच्या रूपात, कधी जांघेत गाठ होऊन. दुसऱ्या पायाचा तळवा आणि सगळी नखंही बघा. जांघेतल्या गाठी काढल्या असतील तर पाय सुजू शकतो, त्यासाठी दाबाचा मोजा मापाने घ्यावा लागतो, बाजारातला कुठलाही नाही.

फ्लॅपवर जखम झाली आणि दोन आठवड्यांत भरली नाही, तर चप्पल लागली असेल असं समजून बसू नका, तुकडा तपासून घ्या. दर वेळी मुंबईला किंवा बांबोळीला जाणं जमत नसेल तर तिथल्याच डॉक्टरांना विचारून मधल्या तपासण्या जवळच्या सर्जनकडे ठरवून घ्या, आणि ऑपरेशनच्या नोंदीची एक झेरॉक्स त्यांच्याकडे ठेवा. फ्लॅप कुठल्या रक्तवाहिनीवर उभा आहे, हे त्या कागदावर लिहिलेलं असतं. उद्या दुसऱ्या कुणाला त्या पायावर सुरी चालवायची वेळ आली तर त्याला ते आधी कळायला हवं.